फट न ठेवणारा पहारेकरी

मी कवटीचा तुकडा बोलतोय. एका सुताराच्या उजव्या कानावरचा, तळहाताएवढा. कातडीखाली मुकाट राहायचं आणि मेंदूवर पहारा द्यायचा, एवढंच माझं काम. त्याची मला केवढी घमेंड होती! लहानपणी हा झाडावरून पडला, पुढे कितीदा फळ्यांवर आपटला. मी आत काही पोचू दिलं नाही.

मग एकदा दुकानात माळ्यावरची फळी काढायला हा शिडीवर चढला. बायको म्हणाली, "थांबा, धरते मी."

"दोनच पायऱ्या तर आहेत!"

बायकोचं ऐकलं तर सुतारकीला बट्टा लागतो ना! शिडी सरकली. फरशीचा मार मी सोसला, साधा चरासुद्धा उमटू दिला नाही. मनातल्या मनात मी मिशीला पीळ दिला.

पण आत मेंदू सुजायला लागला होता. त्याला जागा हवी होती आणि मी तसूभर हललो नाही. पहारेकरी कसा हलेल? तो फुगत गेला, मी दाबत राहिलो. ज्याची राखण करायची त्याचाच जीव घेत होतो, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

इस्पितळात डॉक्टरीणबाई बायकोला म्हणाल्या, "मेंदूला सूज आहे आणि कवटी जागा देत नाही. एक तुकडा कापून काढावा लागेल, आत्ताच."

ती म्हणाली, "दमट हवेत दार फुगून चौकटीत अडकतं, तसं?"

"अगदी तसंच."

"मग काढा. हे तर प्रत्येक दाराला फट ठेवतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर ज्याच्या डोक्यावर बसलो, त्याचं रोजचं काम मी शिकलो नव्हतो.

केस भादरले, कातडी उलटली, भोकं पाडली आणि एका भोकातून दुसऱ्याकडे करवत फिरवली. मला उचललं तेव्हा खालचा मेंदू नुसता ताठरलेला होता. मग हळूहळू तो नाडीच्या ठोक्यागणिक हलू लागला. मी बाजूला झालो, म्हणून तो वाचला.

मला फेकलं नाही. हाड खराब होऊ नये म्हणून सुताराच्याच पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवलं. डोक्यावर मिरवणारा मी, पोट गुरगुरलं की दचकू लागलो.

सूज उतरली आणि माझ्या जागी खळगा पडला. हा हिंडूफिरू लागला, पण दुकानात जाईना. टोपी कानापर्यंत ओढून बसायचा. गिऱ्हाईक आलं की बायकोला म्हणायचा, "सांग, घरात नाहीत." लाज वाटायला हवी होती मला, आणि तोंड लपवत होता तो. वर त्या जागी नुसती कातडी! कपाटाचं एक उघडं दार लागलं असतं तरी खेळ संपला असता.

पण तिथं बायकोचा हात असायचा. हा खाटेवरून उठो, नाहीतर चप्पल घालायला वाको, तिचा तळवा आधी खळग्यावर.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" हा खेकसायचा.

"नाही. दोनच पायऱ्या चढणारे आहात."

तो हात नुसता टेकलेला असायचा, दाबायचा कधीच नाही. राखण अशी करतात, हे मला पोटात पडल्या पडल्या कळलं.

काही महिन्यांनी मला पुन्हा जागेवर स्क्रूनं बसवलं. पोटात राहून मी कडेनं झिजलो होतो. "जरा लहान झालाय, पण चालेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला ते बरंच वाटलं. कडेला थोडी फट राहिली.

आता हा टोपी न घालता दुकानात येतो. परवा फळीखालून वाकताना तिचा तळवा पुन्हा माझ्यावर आला.

"अगं, आता हाड आहे तिथं!"

"असेल. त्याचा काय भरवसा?"

खरं बोललीस, बाई. मी पहाऱ्यावर आहे, पण माझ्या भरवशावर यांना सोडू नकोस. तुझा हात तेवढा राहू दे.