सालीची पंगत

दत्तात्रय मास्तरांच्या ओसरीवर सकाळपासून केळीचे घड येऊन पडत होते. दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या आवारात समता मंडळाचं चौथं सहभोजन होतं आणि मास्तर मंडळाचे चिटणीस होते. साल १९५५. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा नुकताच अमलात आला होता. या वेळी तर नागपूरहून एक सरकारी साहेब मुद्दाम पंगत बघायला येणार होते.

आता सहभोजनाला केळीच का, म्हणाल तर ऐका. केळ्याला साल असते. साल काढली की आतलं केळं कोणाला शिवलेलंच नाही, असा शोध आमच्या बुऱ्हाणपूरच्या शहाण्यांनी लावला होता. शिजलेलं अन्न बाटतं, फळ बाटत नाही. मग ब्राह्मण, वाणी, कुणबी, महार सगळे एका सतरंजीवर बसायचे, आपापलं केळं आपापल्या हातानं सोलायचे आणि सहभोजन पार पडल्याची बातमी छापून यायची. पुण्य पदरात, सोवळंही शाबूत! युक्ती मंडळाचे अध्यक्ष गिरधरशेठ यांची. तिला गोड शब्दांत अहवालात बसवायचं काम मास्तरांचं.

घड डोक्यावरून आणले होते नदीपलीकडच्या जैनाबादच्या महारवाड्यातल्या धुरपदाबाईनं. शेठजींच्या केळीबागेत ती मजुरीला होती. शेवटचा घड उतरवून ती ओसरीखाली उभी राहिली.

"मास्तर, मनकर्णा चौथी पास झाली. पाचवीची शाळा इकडं, अन् पान्याच्या दिवसात नाव बंद. तुमच्या वसतिगृहात जागा भेटली तं पोरगी शिकन. नाई तं बागेतच जाईन माह्यासंगं."

"उद्या साहेबांसमोरच नाव जाहीर करतो," मास्तर म्हणाले.

धुरपदाबाईचा चेहरा उजळला. तेवढ्यात मास्तरांची बायको कमल पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. धुरपदाबाईनं वाकून ओंजळ पुढे केली, कमलनं चांगलं हातभर वरून पाणी ओतलं. तीन हातांवर बसून मास्तर 'समतेची वाटचाल' असा मथळा लिहीत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एक गोष्ट मात्र मास्तर धुरपदाबाईला बोलले नाहीत. वसतिगृहाचं मकान शेठजींचं, आणि त्यांची अट होती, "पोरगी ठेवू, पण मागच्या पडवीत तिची चूल अलग. आपलं आपण शिजवून खाईल." दहा वर्षांच्या पोरीनं! आणि मास्तरांनी ते ऐकून घेतलं होतं.

संध्याकाळी ते राजघाटावर गेले. दर गुरुवारी जायचे. पंचवीस वर्षं मुलींची शाळा चालवून निवृत्त झालेल्या मथुराबाई तिथे पायरीवर बसत. मंडळाचं काम अंगावर पडलं तेव्हा मास्तरांनीच त्यांना गळ घातली होती, बाई, मला चार गोष्टी शिकवा. बाई म्हणाल्या होत्या, "उपदेश गावात फुकट मिळतो. मी फक्त विचारीन, उत्तर तू द्यायचंस."

आज त्यांनी विचारलं, "तीन पंगती झाल्या. त्यांत शिजलेलं काय होतं रे?"

"केळी होती. शेंगदाणे होते."

"मी शिजलेलं विचारलं."

"नव्हतं, बाई."

"शेठनी वेगळ्या चुलीचं काढलं, तेव्हा तू काय म्हणालास?"

"मान हलवली."

"कुठल्या बाजूला?"

मास्तरांचे कान तापले. गावात ज्याला समतेचा पुढारी म्हणतात त्याला एवढं साधं उत्तर देता येईना! शेवटी ते पुटपुटले, "मुलगी सगळ्यांबरोबर एकाच चुलीवरचं जेवेल, असं म्हणायला हवं होतं."

"मला ऐकू आलं नाही. नदीकडे तोंड करून म्हण."

पहिल्यांदा आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला. दुसऱ्यांदा फाटला. बाई हसल्या नाहीत, नुसतं "पुन्हा" म्हणाल्या. पाचव्यांदा मध्यधारेतल्या नावाड्यानं वळून पाहिलं.

"झालं. शेठ त्याच्यापेक्षा जवळ बसलेला असेल," बाई म्हणाल्या. "आणि घरी?"

"घरचं हळूहळू होईल, बाई."

"बरं," एवढंच बाई म्हणाल्या. तो 'बरं' मास्तरांना घरी पोचेपर्यंत टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. साहेब मध्यभागी, शेजारी गिरधरशेठ, कडेला धुरपदाबाई आणि धुतलेला परकर नेसलेली मनकर्णा. शेठजींनी स्वतः केळी वाढली. साहेबांनी "वा" म्हटलं. मनकर्णाला जागा मिळाल्याचं जाहीर करून शेठजी सहज पुढे म्हणाले, "तिची रसोईची व्यवस्था अलग केली आहे." लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मास्तर उठले. आवाज नदीवरचाच निघाला. "अलग नाही! मुलगी सगळ्यांबरोबर एकाच चुलीवरचं जेवेल. आणि हे सालीचं नाटक आता पुरे. धुरपदाबाईच्या डोक्यावरून आलेली केळी चालतात, मग तिच्या हातची भाकर का चालत नाही?"

असं म्हणून ते धुरपदाबाईपाशी गेले, तिच्या मांडीवरच्या फडक्यात घरून बांधून आणलेली भाकर उचलली आणि सगळ्यांसमोर तुकडा मोडून तोंडात घातला.

बघता बघता सतरंजी रिकामी झाली. कुणाला दुकान आठवलं, कुणाला पाहुणे. साहेबांनी हातातलं केळं संपवलं, रुमालाला बोटं पुसली आणि "हा तुमचा स्थानिक प्रश्न आहे" म्हणून मोटारीत बसले. कायदा खिशात घेऊन आलेला माणूस तो, तसाच खिशात घेऊन गेला.

गिरधरशेठ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जोश चांगला आहे, मास्तर. पण मकान माझं आहे. छप्पर गळतंय, यंदा वसतिगृह उघडणार नाही. आणि धुरपदाबाई, बागेत उद्यापासून येऊ नको. मास्तर देतील काम."

मास्तर धुरपदाबाईकडे वळले. अजून त्यांची छाती भरलेली होती. वाटलं, निदान ही तरी दोन शब्द बोलेल. बोलली.

"तुमी बोलले ते खरंच बोलले. पन मले इचारलं का? माही भाकर, माही पोरगी, माही मजुरी. तुमाले धीर आला, मास्तर, अन् माह्या घरची चूल इझली."

लेकीचा हात धरून ती नावेकडे निघून गेली.

मास्तर तडक राजघाटावर गेले. मथुराबाईंनी सगळं ऐकलं. शाबासकी दिली नाही, सांत्वनही केलं नाही. म्हणाल्या, "धुरपदाबाईला विचारलं होतंस का, हा प्रश्न मी काल विचारायला हवा होता. तुझा आवाज मोठा करण्याच्या नादात राहून गेला. पहिली चूक माझी." मग नेहमीसारखं विचारलं, "आता?"

"आता जाऊन विचारतो."

ते नावेनं जैनाबादला गेले, धुरपदाबाईच्या दारात खाली बसले आणि म्हणाले, "चुकलो. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

ती हसली, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. "आता इचारता? बरं, सांगतो. पोरीले शिकवायचं हाये. ठेवता तुमच्या घरात? पडवीत नाई. चुलीपाशी."

'हो' जिभेवर आलं होतं. मास्तरांनी ते आवरलं. "घर कमलचंही आहे. तिला विचारून उद्या सांगतो." धुरपदाबाईनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

कमल तांदूळ निवडत होती. प्रश्न ऐकून तिचे हात थांबले. "सतरा वर्षांत आज मला काही विचारलंत," ती म्हणाली. "सासूबाईंनी वरून ओतायला शिकवलं, मी ओतत आले. तुम्ही गावभर भाषणं केलीत, पण हा तांब्या कधी दिसला नाही तुम्हाला." मग ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. सकाळी म्हणाली, "आणा पोरीला. माहेरचे येणं बंद करतील. करू देत."

तसंच झालं. माहेर तुटलं, मंडळातून मास्तरांचं नाव गेलं, पाणवठ्यावरच्या बायका कमलला बघून घागरी बाजूला घेऊ लागल्या. धुरपदाबाई चांदनी गावाकडे दुसऱ्याच्या शेतात जाऊ लागली, निम्म्या मजुरीवर. अशी तिघांची वाताहत झाली तेव्हा एका पोरीला पाचवीत बसता आलं. हिशेब कुणाला गोड वाटत असेल तर वाटो.

पावसानं नाव बंद व्हायच्या आदल्या दिवशी मनकर्णा राहायला आली. कमलनं तिला चुलीजवळ पाटावर बसवलं, आपल्या ताटासारखंच ताट वाढलं, पेला भरून समोर ठेवला. पोरीला ठसका लागला. कमल घाईनं म्हणाली, "पाणी पी गं!"

मनकर्णानं पेल्याला हात लावला नाही. पाटावरून उतरून ती मागे सरकली, भिंतीपाशी उकिडवी बसली आणि वाकून दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"वरून टाका ना, बाई," ती म्हणाली.

मास्तरांनी चार पंगती घातल्या होत्या. पोरीचे ते हात त्यांना आज दिसले. कमलनं पेला उचलला, जाऊन भिंतीपाशी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि पेला त्या ओंजळीत ठेवला. पोर घाबरून आईला शोधत दाराकडे बघत होती, आणि तिची बोटं काही केल्या पेल्याभोवती मिटत नव्हती.