एकाच रक्ताची दोन उत्तरे

मी एक जुना रंगमापक आहे. नारीन नदीकाठच्या एका दवाखान्यात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, कापडाखाली बसलेला असतो. मित्रांनो, माझी गोष्ट सांगायची म्हणजे पंचाईतच आहे, कारण तिच्यातला मुख्य भाग मला स्वतःलाच नीट समजलेला नाही.

दूरच्या एका कारखान्यात मी तयार झालो. तिथे मला एकच विद्या दिली. रक्तद्रवाचे थेंब घातलेली, इवल्याशा शहाण्णव वाट्यांची तबकडी पोटात घ्यायची आणि प्रत्येक वाटीतून उजेड सोडून पाहायचे. पिवळा रंग आला, तर यकृत पोखरणारा तो विषाणू रक्तात आहे. रंग नाही, तर विषाणू नाही.

बुरुलकान इथली तंत्रज्ञ. रोज सकाळी ती माझी काच पुसायची आणि म्हणायची, "बोल रे म्हाताऱ्या, आज कोण पिवळं?" डॉक्टरांना ती सांगायची, "हा खोटं बोलत नाही." ते ऐकून मला बरे वाटायचे.

एका वसंतात नववा महिना लागलेली जानिल आली. तिची आई आणि थोरला भाऊ याच विषाणूने गेले होते. सासू उमसुन बाहेर बाकावर बसून राहिली. जानिलच्या वाटीत रंग आला नाही. मी 'नाही' म्हणालो.

बुरुलकान धावतच दाराशी गेली. "आपा, सुयुन्चू द्या!" आमच्याकडे चांगली बातमी आणणारा असे हक्काने बक्षीस मागतो. उमसुनने अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली.

"घे पोरी! नातवंडाला तुझंच नाव ठेवते."

"मुलगा झाला तर? बुरुलकान म्हणून हाक मारणार?"

"मारीन! लाजला तर लाजू दे."

दुपारी जानिलच्या यकृताच्या तपासणीचा कागद आला. आकडे फार चढलेले होते. बुरुलकान शाल पांघरूनच माझ्यासमोर बसली. "म्हाताऱ्या, हे कसं काय?" मला काय ठाऊक! कपाटात दुसऱ्या कंपनीच्या किटच्या, म्हणजे आधीच रसायन लावून येणाऱ्या, थोड्या वाट्या उरल्या होत्या. तेच रक्त तिने त्यांत घातले. लख्ख पिवळे झाले. पहिल्या किटमध्ये पुन्हा घातले, रंग नाही. तिसऱ्यांदाही तसेच. मला वाटले, माझा दिवाच बिघडला. तिने दिवाही बदलला. उत्तरे तीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने उमसुनला आत बोलावले आणि घडी केलेली शाल माझ्या शेजारी ठेवली.

"आपा, मी चुकीची बातमी दिली."

"शाल परत करतेस? मी काय बाजारात बसलेय?"

"जानिलच्या अंगात विषाणू आहे."

"काल नव्हता, आज आला?"

"होताच. आम्हाला दिसला नाही. आपा, तुमची मेंढी तुम्ही कशावरून ओळखता?"

"कानाच्या खाचेवरून. हे काय मधेच?"

"आणि तो कानच लांडग्यानं तोडला तर?"

"तर तोंडावरून, चालीवरून. माझी मेंढी मला कळणार नाही होय?"

"आमचं पहिलं किट नुसता कान बघतं. हा विषाणू स्वतःच्या नकला काढत वाढतो आणि नक्कल काढताना चुकतो. तसं चुकत चुकत याचा नेमका कान बदललाय. दुसरं किट आणखी जागा बघतं, म्हणून त्याला सापडला."

"बाळाचं काय?"

"जन्मल्यावर बारा तासांच्या आत लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन द्यायला हवं. ते राजधानीतून, बिश्केकहून मागवावं लागेल. मी कालच्या 'नाही'वरच थांबले असते, तर..."

"पुढचं बोलू नकोस. फोन लाव. आणि ती शाल उचल तिथून. गारठून आजारी पडलीस, तर फोन कोण लावेल?"

इंजेक्शन बर्फाच्या डब्यातून, टॅक्सीने घाट ओलांडून आले. जानिल त्याच पहाटे बाळंत झाली होती. मुलगी झाली. नवव्या तासाला तिला सुई टोचली.

वर्षभराने त्या मुलीचे रक्त माझ्याकडे आले. दोन्ही किटच्या वाट्या रंगाविना राहिल्या. मी 'नाही' म्हणालो. या वेळी बुरुलकान दाराशी गेली नाही. तिने नमुना बिश्केकला पाठवला. तिथे विषाणूचा कान नव्हे, तर त्याच्या आतली जनुकीय अक्षरे शोधतात. मधल्या दिवसांत उमसुन दोनदा डोकावून गेली.

"तू झोपलीस की तुझं यंत्र झोपलंय?"

"दोघंही जागे आहोत, आपा. थांबा जरा."

बाराव्या दिवशी कागद आला. विषाणू नव्हता.

मित्रांनो, इथेच मी अडकतो. आईच्या रक्तात मला रंग दिसला नाही, मी 'नाही' म्हणालो, आणि ते चूक ठरले. लेकीच्या रक्तात रंग दिसला नाही, मी 'नाही' म्हणालो, आणि ते खरे ठरले. दोन्ही वेळा मी तेच केले, तितक्याच इमानाने. मग फरक कुठे होता? माझ्या आत तो मला अजून सापडलेला नाही.

आता शेजारी नवे यंत्र आहे. गेल्या शरदापासून बुरुलकान येत नाही. ती का येत नाही, हे यंत्रांना कोणी सांगत नाही. एक दिवस एक अनोळखी बाई येऊन खुंटीवरचा तिचा पांढरा कोट घेऊन गेली. नेण्याआधी तो हातात धरून बराच वेळ उभी होती.

मला झाकून ठेवा, मोडीत काढा, माझी तक्रार नाही. पण कोणतेही यंत्र 'नाही' म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका. 'तू नेमकं कुठे पाहिलंस?' असे विचारणारे एक माणूस त्याच्याजवळ बसू द्या.