मागच्या सीटवर काका

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो, आणि आता फार दमले आहे. माझ्या आवाजावरूनच ते तुमच्या लक्षात येईल. तरुण गाड्या फुर्रकन निघून जातात. मी आधी खोकते, मग कुरकुरते, मग कुठे जागची हलते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या बहिणी माझ्याच रांगेत उभ्या होत्या, सगळ्या काळ्याभोर आणि चकाकणाऱ्या. माझा पहिला मालक धसमुसळा होता. त्याला वेग आवडे, पण तेल बदलायचा कंटाळा येई. त्याने मला इतके पिदडले की ऐन तारुण्यात मी धूर ओकू लागले. मग वैतागून त्याने मला विकून टाकले.

मला विकत घेतले ते घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. सारी गल्ली त्यांना काका म्हणे आणि त्यांच्या पत्नीला काकू. काकू घरी शिवणकाम करत. शाळांची, स्टेशनांची, मनोऱ्यांवरची मोठमोठी घड्याळे बंद पडली की काकांना बोलावणे येई. अवजारांची पेटी माझ्या कॅरिअरला बांधून आम्ही निघत असू. एखादा मोठा लोलक परत न्यायचा असला की काकू मागे बसत आणि चादरीत गुंडाळलेला तो लोलक मांडीवर धरत.

खड्डा आला की काका ओरडत, "लोलक सांभाळ!"

"लोलक सांभाळतेय मी. मला कोण सांभाळतंय?" काकू मागून म्हणत.

सुट्टीच्या दिवशी काका अंगणात जुनी वर्तमानपत्रे अंथरून माझ्याशेजारी बसत. रॉकेलने साखळी धूत, प्लगवरची काजळी पॉलिश पेपरने घासून काढत, क्लचच्या तारेत तेलाचे थेंब सोडत. मग इंजिन चालू करून डोळे मिटून ऐकत राहत. "आता कशी लयीत चालतेय!" असे ते म्हणाले की मला धन्य वाटे. त्या वर्षांत मी कधी त्यांना रस्त्यात उभे ठेवले नाही.

मग एका सकाळी काका दाढी करता करता खाली कोसळले. त्यांच्या शरीराची उजवी बाजू लुळी पडली होती. ते जिवानिशी वाचले, हळूहळू काठी घेऊन चालू लागले, पण उजवा हात काही वळेना. जो हात केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरत असे, त्याला आता शर्टाचे बटणही लागेना.

मला पत्र्याच्या आडोशाला लावून वर चादर टाकली गेली. माझ्या टाकीतले पेट्रोल जुने होऊन त्याचा चिकट गाळ झाला. बॅटरी मेली, टायर बसले, साखळीला गंज चढला. मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी रडले असेन. खरे सांगू? मला बरे वाटले. इतकी वर्षे धावल्यावर कोणी हाक मारत नाही, यातही एक सुख असते. मला वाटले, आता असेच हळूहळू मातीत मिसळून जावे.

काकांचेही तसेच चालले होते. हाताच्या व्यायामासाठी त्यांना उपचार केंद्रात जायचे असे. केंद्र गावाबाहेर टेकडीवर होते आणि बस पायथ्याशीच थांबे. थोडे दिवस शेजाऱ्यांनी त्यांना आपल्या गाडीतून नेले. पण लोकांनी उचलून बसवायचे, उचलून उतरवायचे, हे काकांना सहन होईना. त्यांनी जाणेच बंद केले. बोलणेही जवळजवळ बंद केले.

एकदा त्यांची मुलगी आली. माझ्यावरची चादर उचलून ती म्हणाली, "आई, हे धूड कशाला ठेवलंयस? बाबा रोज बघतात आणि झुरतात. मी भंगारवाल्याला बोलावते."

"आज नको," काकू म्हणाल्या.

"मग कधी?"

"मी चालवून बघते आधी."

मुलगी हसायलाच लागली. काकू मात्र हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शिवणयंत्र बंद करून त्यांनी मला ओढत अंगणात आणले. मी मनातल्या मनात म्हटले, बाई गं, राहू दे मला!

काका दारात खुर्चीवर बसून नुसते पाहत होते. काकूंनी पाना घेतला, प्लगला लावला आणि सगळा जोर लावून फिरवू लागल्या.

"उलटं फिरवतेस," काका म्हणाले. शब्द अडखळत आले. "आटे जातील."

काकूंनी वळून पाहिले. कित्येक दिवसांत ते आपणहून काही बोलले नव्हते. "मग सांगा ना नीट! नुसते बसलाय काय?"

त्या दिवसापासून काका सांगू लागले आणि काकू करू लागल्या. माझी टाकी धुतली गेली. कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात अडकलेला गाळ काकूंनी पातळ तारेने हळुवार काढला. नवी बॅटरी आली, ब्रेकचे झिजलेले लायनर बदलले. अखेर एका दुपारी माझ्या पोटात ठिणगी पडली आणि मी धूर सोडत उठले. काकूंनी टाळ्या पिटल्या. माझे मात्र सगळे सांधे ठणकत होते.

पण काकांच्या मनात काय चालले आहे, हे कोणालाच कळले नव्हते. एके दिवशी काकू क्लचची जादा तार आणायला बाजारात गेल्या. काका उठले, काठी भिंतीला टेकवली आणि कसेबसे माझ्यावर चढले. माझी कीक डाव्या बाजूला आहे, त्यामुळे धडधाकट डाव्या पायाने त्यांनी मला चालू केले. डाव्या हाताने उजवा हात उचलून अॅक्सिलरेटरवर ठेवला. बोटे आवळली गेली. मी निघाले. आणि मग त्यांना वेग कमी करायचा होता, पण ती बोटे काही सुटेनात.

मी भिंतीवर आदळले आणि त्यांना घेऊन आडवी झाले. त्यांचा पाय माझ्याखाली अडकला. माझे मागचे चाक हवेत गरागरा फिरत होते. मित्रांनो, मला हात नाहीत. त्या वेळेइतके दुःख मला त्याचे कधीच झाले नाही.

काकू फाटकातून आल्या आणि तारेची पिशवी टाकून धावल्या. त्यांनी आधी चावी बंद केली. मला उचलायचा प्रयत्न केला, पण मी हलेना.

"पाठ लाव सीटला," काका खालून कण्हत म्हणाले. "हँडल धर. पायांनी रेट."

काकूंनी माझ्याकडे पाठ केली, खाली बसून दात आवळले आणि पायांच्या जोरावर मला उभे केले. काकांच्या पोटरीला भाजले होते, पण हाड शाबूत होते. ते तसेच जमिनीवर बसून रडू लागले.

"हात सुटलाच नाही गं."

"मेला असतात ना आज!" काकू ओरडल्या. मग त्याही त्यांच्याशेजारी मातीत बसल्या. "मला एकटीला टाकून जायची एवढी घाई झालीय का तुम्हाला?"

"घाई नाही गं. एकदा वाटलं, जमेल."

"जमेल. पण आता मी पुढे आणि तुम्ही मागे."

"लोक हसतील."

"हसू देत. माझ्या मागे बसायला लाज वाटत असेल तर तसं सांगा. मी आत्ता हिला भंगारात देते."

काका माझ्या फुटलेल्या दिव्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दिवा नवा लागेल. आणि मला टेकायला काहीतरी लागेल मागे."

मग माझी पुन्हा एकदा डागडुजी झाली. वाकलेला पायाचा ब्रेक सरळ केला. जुन्या पिवळट दिव्याच्या जागी पांढरा, लख्ख दिवा आला. लोहाराने मागे लोखंडी टेका बसवला आणि डाव्या हाताला धरायला कडी लावली. मागचा पायठेवा रुंद केला. काकूंनी जाड कापडाची, आत स्पंज भरलेली नवी सीट स्वतः शिवली. सजल्यावर मी विचित्रच दिसू लागले. म्हातारीने नातीचे दागिने घालावेत तशी.

काकूंनी मैदानात शिकताना मला किती वेळा बंद पाडले, ते विचारू नका. प्रत्येक वेळी काका खुर्चीतून ओरडत, "क्लच हळू सोड!" आणि काकू तिकडून ओरडत, "तुम्ही ओरडणं सोडा!"

शेवटी ते दोघे केंद्रात जाऊ लागले. टेकडीचा चढ मला सोसत नाही. माझ्या छातीत खडखड होते, काकू पहिल्या गिअरवर आणतात आणि आम्ही बैलगाडीच्या वेगाने वर जातो. मागून हॉर्न वाजतात. कोणी हसतेही. काका सुरुवातीला मान खाली घालत. आता घालत नाहीत. त्यांची बोटे थोडी उघडू लागली आहेत. घड्याळाचे काम पुन्हा कधीच होणार नाही, हे त्यांना माहीत आहे. पण परवा त्यांनी स्वतःच्या हाताने शर्टाचे बटण लावले आणि काकूंना हाक मारून दाखवले.

मी मात्र दमले आहे, मित्रांनो. एक गोष्ट नीट करावी तर दुसरी कुरकुर करते. नवा दिवा लावला म्हणून म्हातारपण जात नाही. तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी असेल. त्याला चकाचक करू नका, वेळेवर तेल द्या. सैल झालेले आवळा, पण आटे जातील इतके आवळू नका. आणि त्याच्याकडून तरुणपणाच्या वेगाची अपेक्षा धरू नका.

आज थंडी आहे. काकूंनी मला फाटकाबाहेर काढले आहे. काका मागे टेकून बसले आहेत. काकूंनी कीक मारली, मी नुसती खोकले. पुन्हा मारली, पुन्हा तेच. काकू चिडून पाय उगारतात, तोच काकांचा उजवा हात हळूच त्यांच्या खांद्यावर येतो.

"थांब जरा," ते म्हणतात. "तिला श्वास घेऊ दे."

काकू थांबतात. मी श्वास घेते.