वहिनीचा चालू वर्तमानकाळ

मास्तरांचा इंग्रजीचा वर्ग एका लॉन्ड्रीच्या माडीवर भरायचा. खालच्या इस्त्र्यांच्या वाफेने फरशी कायम कोमट असायची आणि दिवसभर उभं राहून आलेले विद्यार्थी चपला काढून तिच्यावर पाय शेकत बसायचे. त्यात एक न्हावी होता, इस्पितळात काम करणाऱ्या मावशी होत्या, दोघी शिवणकाम करणाऱ्या बहिणी होत्या, आणि शेवटच्या बाकावर, हेल्मेट मांडीवर घेऊन, मास्तरांची सख्खी वहिनी बसायची. बाकीच्यांना मास्तर नुसतं शिकवत होते. वहिनीच्या बाबतीत मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

वहिनी गोदीत कामाला होती. जहाजाच्या डेकवर, माल उतरवायच्या मोठ्या तोंडाशी उभं राहायचं आणि किनाऱ्यावरच्या क्रेनच्या ड्रायव्हरला हाताने इशारे करायचे, हे तिचं काम. खाली जहाजाच्या पोटात काय चाललंय ते ड्रायव्हरला दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे वहिनी. तिचा हात आडवा झाला की खोलीएवढा खोका हवेत गप उभा राहायचा. सासरी आली तेव्हा ती चार माणसांत मान वर करत नसे, असं तिचा नवरा, म्हणजे मास्तरांचा दादा, सांगायचा. आता तिची मान कायम वरच असायची, क्रेनकडे. त्या कामावर तिचा जीव होता.

पण गोदीत नव्या क्रेन आल्या. त्यांची केबिन इतकी उंच की तिथून वहिनीचा हात म्हणजे माशीचा पाय. म्हणून वॉकीटॉकी आला. ड्रायव्हर आले देशोदेशीचे, म्हणून वॉकीटॉकीवर इंग्रजी आलं. आणि इशारा देणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा ठरली: नुसतं बोलून एक खोका जहाजाच्या पोटात, खडूने आखलेल्या चौकोनात उतरवायचा. नियम एकच, पण कडक. बोलणं थांबलं की ड्रायव्हरने क्रेन थांबवायची, कारण आवाज बंद म्हणजे खाली काहीतरी गडबड.

पहिल्या परीक्षेत वहिनी नापास झाली. एक वाक्य बोलायची, पुढचं शोधायला थांबायची, की क्रेन थांबायची. खोका उचकी लागल्यासारखा उतरत राहिला आणि शेवटी परीक्षकांनी हात टेकले. आता शेवटची संधी शनिवारी होती. ती हुकली तर डेक सुटणार आणि वहिनीची रवानगी गोदामात, गोण्या रचायला.

“गोण्यांशी काय बोलू मी, भाऊजी?” ती म्हणाली होती. त्यावर मास्तरांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं की काळजी करू नकोस, चालू वर्तमानकाळ म्हणजे माझ्या हातचा मळ आहे.

हा मळ काही निघता निघेना. मास्तर फळाभर तक्ते काढायचे. ॲम कुठे, इज कुठे, आर कुठे, सगळं रंगीत खडूंनी. त्यांचा एक लाडका नियम होता: आधी वाक्य मनात पूर्ण तयार करा, मगच तोंड उघडा. चूक झालीच नाही पाहिजे. त्यामुळे वर्गात चुका फार कमी व्हायच्या, कारण कोणी बोलतच नसे.

बुधवारी त्यांनी एक पुस्तक उघडून नाकासमोर धरलं आणि मी काय करतोय ते इंग्रजीत सांगा, म्हणून फर्मावलं. न्हावी दातखीळ सुटल्यासारखा म्हणाला, “यू आर रीडिंग.” मावशीही तेच म्हणाल्या. वहिनीवर पाळी आली तेव्हा ती पुस्तकाकडे बघत बसली.

“दिसतंय की सगळ्यांना,” ती म्हणाली. “दिसतंय ते कशाला सांगायचं?”

वर्ग खो खो हसला. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जाताना ते अख्खा रस्ता वहिनीच्या चार पावलं पुढे चालले आणि जेवतानाही मीठ दादाकडून मागून घेतलं.

गुरुवारी सकाळी दादाने जुन्या बाजारातून एक लोखंडी कपाट आणलं. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि मधे एक असलं वळण की तिथे छत्रीसुद्धा मिटून न्यावी लागायची. वर दादा, खाली मास्तर, मधे कपाट. मास्तरांचा गाल पत्र्याला चिकटलेला, समोर काळोख, पायाखालची पायरी अंदाजाने. आणि वरच्या कठड्यावर ओणवी झालेली वहिनी.

तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. येतंय, येतंय, डावा कोपरा भिंतीला लागतोय, वळतंय, हां, वळतंय, ह्यांचा पाय सरकतोय, भाऊजी तुम्ही तिरके होताय, येतंय, अजून येतंय. श्वास घ्यायलासुद्धा थांबत नव्हती. तिचं बोलणं पुढे आणि कपाट तिच्या मागून, असं ते वर चढत होतं. आणि गाल पत्र्यावर चेपलेला असताना मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही बाई चालू वर्तमानकाळाचा धबधबा आहे. कारण आत्ता, या क्षणी, तिला दिसतंय ते मला दिसत नाहीये.

“वहिनी,” ते कपाटामागून ओरडले, “हेच इंग्रजीत बोल.”

वहिनी गप्प झाली. दादाही लग्नापासून तिच्या आवाजावर चालणारा माणूस. आवाज बंद होताच तो जागच्या जागी थबकला. कपाटाचा सगळा भार मास्तरांच्या खांद्यावर आला.

“मनात वाक्य तयार करतेय,” वहिनी वरून म्हणाली.

“करू नकोस,” मास्तर कण्हले. “मी मरतोय इथे. येईल ते बोल.”

“कमिंग,” वहिनी घाईघाईने म्हणाली. “कमिंग, कमिंग. लेफ्ट टचिंग. वॉल टचिंग. यू आर... यू आर गोइंग तिरके. नाऊ कमिंग, गुड कमिंग.”

आणि कपाट आलं. वळण पार करून, शेवटच्या पायरीवरून घरात आलं. मास्तर घामाने निथळत जमिनीवर बसले आणि वेड लागल्यासारखे हसायला लागले. याला कपाटाचा कोपरा लागला की काय, अशा नजरेने दादा त्यांच्याकडे बघत राहिला.

हसता हसता त्यांना एक गोष्ट लागलीही होती, आणि चांगलीच लागली होती. वहिनीला क्रेनखाली मुकं करून टाकलं होतं ते त्यांच्याच लाडक्या नियमाने. वाक्य तयार होईपर्यंत तोंड उघडू नका, असं सांगून त्यांनी गोदीतल्या बाईला नेमकं तिथलं सगळ्यात धोक्याचं काम शिकवलं होतं, गप्प बसणं.

त्या संध्याकाळी मास्तरांनी फळा पुसला तो पुसलाच. डोळ्यांवर मफलर बांधला, हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप घेतला आणि वर्गाला सांगितलं की मला दारापासून खिडकीपर्यंत न्या. बोलणं थांबलं की मी थांबणार. मग काय विचारता. न्हावी, मावशी, दोघी बहिणी, सगळे एकदम बोलायला लागले. यू आर वॉकिंग, टी इज फॉलिंग, बेंच इज कमिंग, लेग, लेग, मास्तर लेग. बहिणींतल्या थोरलीने तर मास्तरांना एका दमात बाकांमधून असं वळवून नेलं, जणू कापडाखाली सुई चालली आहे. खालून लॉन्ड्रीवाला काठीने छत ठोकायला लागला. इज जागेवर होतं का आर, हे बघायला कोणाला सवड नव्हती, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ते आपोआपच जागेवर येत होतं. शुक्रवारी वहिनीने मास्तरांना जिन्यावरून खाली उतरवलं, रस्त्यापर्यंत, आणि कपातला थेंब सांडला नाही.

शनिवारी मास्तर धक्क्यावर फोरमनच्या शेजारी जाऊन उभे राहिले. वारा सुटला होता. वर डेकवर वहिनी एवढीशी दिसत होती. परीक्षक तिच्याजवळ, ड्रायव्हर वर आभाळात, आणि फोरमनच्या हातातल्या वॉकीटॉकीतून तिचा आवाज.

“बॉक्स इज गोइंग अप. गुड. इट इज कमिंग. कमिंग टू मी.”

खोका डेकवर आला, तोंडाशी आला, खाली जाऊ लागला. वहिनी बोलत होती, क्रेन चालत होती. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि खोका दोरावर गरगर फिरायला लागला. फिरतोय याला इंग्रजीत काय म्हणतात ते वहिनीला ठाऊक नव्हतं. मास्तरांना ते ठाऊक होतं की तिला ठाऊक नाही, कारण त्यांनी ते शिकवलंच नव्हतं. मागच्या परीक्षेत ती असल्याच जागी अडकली होती.

“डान्सिंग,” वॉकीटॉकी म्हणाला. “बॉक्स इज डान्सिंग. वेट, वेट. डान्सिंग स्लो. नाऊ नॉट डान्सिंग. कम, कम. इट इज गोइंग डाउन.”

मास्तरांच्या तोंडून शीळ निघाली. त्यांनी आयुष्यात कधी शीळ घातली नव्हती. वहिनी बोलतच होती. स्क्वेअर इज कमिंग, बॉक्स इज गोइंग लेफ्ट, लिटल मोर, मेन आर स्टँडिंग अवे, ऑल गुड, टचिंग, टचिंग, सिटिंग.

मग ती गप्प झाली. क्रेन थांबली. या वेळी ती थांबायलाच हवी होती. परीक्षक वाकून खाली बघत राहिले, बराच वेळ, आणि मग उभे राहून त्यांनी वहिनीशी हात मिळवला. खालून, जहाजाच्या पोटातून, टाळ्यांचा आवाज आला.

वर केबिनमध्ये ड्रायव्हरला यातलं काहीच दिसत नव्हतं. वॉकीटॉकी खरखरला आणि त्याने अनोळखी वळणाच्या इंग्रजीत विचारलं की खाली काय चाललंय.

वहिनी डेकच्या कडेला आली. तिने धक्क्याकडे पाहिलं.

“दे आर क्लॅपिंग,” ती म्हणाली. “आय ॲम लाफिंग. माय ब्रदर इज क्रायिंग.”

मास्तरांनी गालाला हात लावून पाहिला, तर ओला होता. फोरमनने त्यांच्याकडे वळून विचारलं, तुम्ही तिचे सख्खे भाऊ का?

दीर या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात ते मास्तरांना पक्कं पाठ होतं.

“हो,” ते म्हणाले.