आप्पासाहेबांनी मला काठोकाठ भरलं

मी एक कॅन बोलतोय. पाच लिटरचा, पांढरा, निळ्या झाकणाचा, पोटावर लिटरच्या पाच रेघा असलेला. तेलाचा नाही, दुधाचा नाही. मी लघवीचा कॅन आहे! मुरडलंत ना नाक? मुरडा, हवं तेवढं मुरडा. माझी गोष्ट संपेपर्यंत ते आपोआप सरळ होईल, पैज लावतो.

माझा जन्म वाळूजच्या एका कारखान्यातला. साच्यातून आम्ही भावंडं गरमागरम बाहेर पडलो आणि लगेच बढाया सुरू झाल्या. एकाला शेंगदाण्याच्या तेलाचं व्हायचं होतं. एकाला लग्नात गुलाबपाणी वाहायचं होतं. मी म्हणालो, "माझ्यात मध भरतील." पुढं टेम्पोतून छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात आलो, पोटावर 'चोवीस तासांची लघवी' अशी चिठ्ठी चिकटली आणि मधाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

तिथल्या प्रयोगशाळेत डॉक्टर नौशीन काम करतात. मूत्रपिंडाचे आणि मूत्राशयाचे आजार हा त्यांच्या संशोधनाचा विषय. लोक अत्तराच्या बाटलीकडे बघतात तशा प्रेमानं त्या लघवीकडे बघतात. "रक्त त्या घडीचं सांगतं," त्या शिकाऊ डॉक्टरांना सांगायच्या, "पण लघवी अख्ख्या दिवसाची हकिगत सांगते. आणि ती खोटं बोलत नाही." हे ऐकल्यापासून मी फळीवर जरा ताठ बसायला लागलो.

एक दिवस पैठणचे आप्पासाहेब आले. वय अठ्ठावन्न, कडक इस्त्रीचा सदरा, मिशांना पीळ. त्यांची लेक तनुजा पैठणच्या आगारात एसटीची कंडक्टर. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि तिचं तिकिटाचं यंत्र सुटलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, पाणीसुद्धा मोजून प्यायचं. लघवी तर तिला वर्षभर जवळपास होतच नव्हती. आई वच्छलाबाईंना साखरेचा आजार, म्हणून त्यांचं मूत्रपिंड चालत नव्हतं. राहिले आप्पासाहेब. रक्तगट जुळला, छातीचा फोटो झाला, हृदय तपासून झालं. आता फक्त मी उरलो होतो. एक मूत्रपिंड देऊन टाकण्याइतकी त्यांची दोन्ही दमदार आहेत का, हे माझ्यावरून ठरणार होतं. आप्पासाहेब नापास झाले, तर तनुजाला द्यायला घरात दुसरं कुणीच नव्हतं.

नौशीन मॅडमनी नियम समजावले. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची. नंतरची दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या सकाळची पहिली, सगळी कॅनमध्ये. एक थेंब बाहेर जाता कामा नये. दुसऱ्या कुणाची घालू नका, हे सांगायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. येणार तरी कसं?

मी पैठणला गेलो. न्हाणीघरात, गार पाण्याच्या घमेल्यात माझी बैठक. आप्पासाहेब दर खेपेला भक्तिभावानं यायचे आणि वाकून रेघ बघायचे. संध्याकाळ झाली तरी मी जेमतेम पहिल्या रेघेच्या वर होतो. तेवढ्यात वच्छलाबाईंनी डोकावलं.

"एवढंच? त्यांनी पाच लिटरचं भांडं दिलंय म्हणावं."

"मंग काय करू? जेवढं येतंय तेवढं टाकलंय."

"दुसऱ्याच्या घरचं भांडं असं अर्धं पाठवत नसतेत," वच्छलाबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या.

शेजारणीच्या वाटीत चिमूटभर साखर तरी घालून ती परत पाठवायची, हा त्या घरचा शिरस्ता. त्या बोलून मोकळ्या झाल्या. पण आप्पासाहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांना पक्कं वाटलं की पाच लिटर म्हणजे पास आणि कमी म्हणजे नापास. लेकीचा जीव चार रेघांनी हुकणार!

त्यांनी आपल्या दोन जिवलग मित्रांना चहाला बोलावलं. एक सर्जेराव, जुने पैलवान. दुसरे फारूखभाई, शिवणकामाच्या दुकानाचे मालक. माझ्यासमोर खलबत झालं.

"तनुजा आमची बी लेक हाय," सर्जेराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "आण ताक!"

"अरे आप्पा, दोस्ती में इतना तो बनता है," फारूखभाईंनी उसाचा रस मागवला.

काय सांगू तुम्हाला! तिघांनी ताक, रस, लिंबूपाणी यांचा फडशा पाडला आणि न्हाणीघराकडे फेऱ्या सुरू केल्या. मी ओरडत होतो, "अहो, भेसळ होतेय!" पण कॅनचं ऐकतंय कोण? दोघं मित्र मुक्कामालाच राहिले. सकाळी मी काठोकाठ भरलो होतो आणि आप्पासाहेब माझ्याकडे बघून मिशांना पीळ देत होते.

साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून त्यांनी मला एसटीत मांडीवर घेतलं. कंडक्टर कडुबा तनुजाच्याच आगारातला.

"आप्पा, काय हाय पिशवीत?"

"तूप," आप्पासाहेबांच्या तोंडून गेलं.

"गायीचं का म्हशीचं?"

"गायीचं."

"वा! आम्हाला बी सांगा की एक किलो."

आप्पासाहेबांनी झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. संभाजीनगर येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेरून नजर आत आणली नाही.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला आणि सगळी मौज उतरली. माझ्यातल्या लघवीत प्रथिनं निघाली, तीही भरपूर. मूत्रपिंड गळायला लागलं की प्रथिनं लघवीत उतरतात. असा माणूस दाता होऊ शकत नाही. त्या दिवशी तनुजाचं डायलिसिस होतं. दंडाला पट्टी बांधून ती वडिलांजवळ येऊन बसली.

"जाऊ द्या आप्पा. आता तुम्हीच जपा स्वतःला. माझं चाललंय की."

आप्पासाहेब तिच्या दंडावरची पट्टी सारखी करत राहिले. मला इतकं वाईट वाटलं, की माझं झाकण गळ्याशी आलं. मला खरं काय ते माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

पण नौशीन मॅडमना मी न बोलता कळतो. क्रिएटिनिन नावाचा एक पदार्थ माणसाच्या स्नायूंतून रोज साधारण ठरलेल्या मापानं बाहेर पडतो. तुम्ही घागरभर पाणी प्या नाहीतर तांब्याभर, ते माप फारसं हलत नाही. माझ्यात ते चक्क दुप्पट निघालं होतं. मॅडमनी तपासणी पुन्हा केली. पुन्हा तेच. मग मला हातात घेऊनच त्या बाहेर आल्या.

"आप्पा, या हिशोबानं तुम्हाला चार मूत्रपिंडं असायला हवीत. खरं सांगा, हे कुणाकुणाचं आहे?"

आप्पासाहेबांची मान खाली गेली. लेकीसमोर सगळं सांगावं लागलं. ताक, रस, वच्छलाबाईंचं भांडं, कडुबाचं तूप, सगळं.

"पाचच्या खाली आलो तर तुम्ही मला नापास करताल, असं वाटलं मॅडम. माझी लेक जाईल असं वाटलं. लई भ्यालो मी."

तनुजा आधी वडिलांकडे बघत राहिली. मग हसायला लागली, ती काही थांबेना. डोळ्यांतून पाणी, ओठांवर हसू, आणि एकच हात मोकळा. तिनं तो वडिलांच्या गुडघ्यावर ठेवला.

मॅडम मात्र एका गोष्टीवर अडल्या. प्रथिनं आली कुणाची? तिघांच्या तीन वेगळ्या बाटल्या तपासल्या. फारूखभाई ठणठणीत. आप्पासाहेब ठणठणीत. प्रथिनं निघाली ती पैलवान सर्जेरावांची! रक्तदाब कधीपासून चढलेला होता, त्यांना पत्ता नव्हता. आजार सुरुवातीलाच सापडला, गोळ्या लागू झाल्या आणि मॅडमच्या संशोधनाच्या वहीत त्यांचं नाव चढलं. "दोस्तीत मुतायला गेलो आन् जीव वाचवून आलो," असं ते पैठणभर सांगत सुटले.

मी पुन्हा त्याच न्हाणीघरात गेलो. या वेळी वच्छलाबाई दाराशी पहाऱ्याला. आप्पासाहेबांनी मला दीड लिटरवर परत आणलं आणि शरमून म्हणाले, "एवढंच हाय मॅडम."

"एवढंच हवं होतं," मॅडम म्हणाल्या. आप्पासाहेब पास झाले.

शस्त्रक्रिया झाली. वडिलांचं मूत्रपिंड लेकीच्या पोटात बसलं आणि पहिल्या तासापासून कामाला लागलं. नर्स तासातासाला मोजून माझ्यात ओततेय आणि मी वेडा झालोय! पहिली रेघ, दुसरी, तिसरी! वर्षभर कोरड्या राहिलेल्या लेकीनं मला दुसऱ्या सकाळच्या आत काठोकाठ भरलं. मध गेला खड्ड्यात. माझ्यात त्या दिवशी जे होतं, ते कुठल्याच भावंडाला मिळालं नसेल.

चाकाच्या खुर्चीतून आप्पासाहेबांना काचेच्या दाराशी आणलं. मॅडमनी मला उचलून दाखवलं.

"कॅन भरला, आप्पा. दुसरा लावलाय."

"तिच्या एकटीचंच हाय ना? कुणी मदत नाय ना केली?"

"यात परत दोन माणसं आहेत. मूत्रपिंड तुमचं, लघवी तिची."

आप्पासाहेबांना हसू फुटलं आणि टाके दुखले म्हणून ते "आई गं" म्हणाले. "मंग ही भेसळ चालंल का?"

"ही चालेल," मॅडम म्हणाल्या आणि मला खाली ठेवून त्यांनी डोळे पुसले.

आता माझ्या बुडाला चीर गेलीय. मी निवृत्त आहे, पण मॅडमनी मला टाकलं नाही. नव्या रुग्णांना समजावताना त्या मला समोर ठेवतात. दर तीन महिन्यांनी सर्जेराव आपली छोटी बाटली घेऊन येतात आणि मला सलाम ठोकतात. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ आला, तर एवढंच ऐका. लाजू नका, थेंब सांडू नका आणि त्याला भरायची घाई करू नका. अर्धा पाठवा, पाव पाठवा, पण तुमचाच पाठवा.

परवा पैठणचा एक रुग्ण मॅडमना सांगत होता. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन तो बसला होता. कंडक्टर बाईंनी यंत्रातून तिकीट काढून देत विचारलं, "काय हाय पिशवीत?" तो म्हणाला, "तूप." बाईंनी त्याला पुढच्या सीटवर बसवलं आणि कानाशी वाकून विचारलं, "एकट्याचंच हाय ना?" मग त्यांनी डबल बेल दिली.