डाव्या बुटातलं बूच

माझ्या नवऱ्याने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली तेव्हा मी तिथेच, चुलीपाशी, बटाटे सोलत बसले होते. मला कुणी जवळ बोलावलं नाही.

अठरा वर्षं झाली त्याला. कर्नल ॲव्हरिलसाहेब आमच्या बुटक्या दारातून वाकून आत आले, सोबत सात वर्षांची मुलगी, मिस ऑनोरिया. ती दोन पावलं चालली आणि सगळं कळलं. डावा पाय दीड बोट आखूड होता. साहेबांना ते जगापासून लपवायचं होतं. बुटाची टाच बाहेरून उंच केली की लपत काहीच नाही, उलट लांबून दिसतं. म्हणून माझ्या नवऱ्याने, बूट करणाऱ्या ईनॉकने, उंची आत घातली. टाचेकडे जाड आणि बोटांकडे पातळ होत जाणारं बूच तासून डाव्या बुटात बसवलं, आणि दोन्ही बूट बाहेरून असे जुळे केले की मलाही ओळखता येईना. पोर खोलीभर सरळ चालली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच त्यांनी खिशातून बायबल काढलं.

शपथ अशी होती: हे कधी कुणाला कळणार नाही, या बुटांना दुसऱ्या कारागिराचा हात लागणार नाही, आणि मुलगी चालते आहे तोवर तिचे बूट ईनॉक टॅरीच करील. ईनॉक छाती फुगवून हो म्हणाला. आम्ही चॅपलची माणसं, साहेबांच्या चर्चपेक्षा वेगळ्या, साध्या पंथाची; आमच्यात शपथा अशा उठसूट घेत नाहीत. लग्नातली सोडली तर ईनॉकच्या आयुष्यातली ही पहिलीच.

त्या दोघा शहाण्यांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. बुटाचा तळ पुरुष ठोकतो आणि वरचं चामडं त्याची बायको शिवते. आमच्या विकंडन गावात घरोघरी हेच चालतं. डावं चामडं उजव्यापेक्षा बोटभर खोल शिवायचं, हे मला सांगावंच लागलं. पण शपथ काही कुणी घातली नाही. बाईच्या हाताला कारागिराचा हात म्हणत नसावेत.

मार्चमध्ये केझायाचं पत्र आलं. केझाया आमची एकुलती एक मुलगी, चार वर्षांपूर्वी लग्न होऊन कॅनडाला गेली. तिथे तिची दोन बाळं गेली, एक तर तासभरही जगलं नाही. आता ऑगस्टमध्ये तिसरं होणार होतं. ‘आई, या वेळी तू असलीस तर जगेल असं मला वाटतं. इथे शेजारीण म्हणजे अर्ध्या दिवसाची वाट,’ असं तिने लिहिलं होतं. जावयाने लिव्हरपूलहून निघणाऱ्या जहाजाची आम्हा दोघांची तिकिटं काढून पाठवली होती. मेमधला तिसरा गुरुवार. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

ईनॉक टोपी हातात धरून साहेबांना विचारायला गेला. परत आला तो खाली मान घालून.

“काय म्हणाले?”

“त्याच आठवड्यात मंगळवारी मिस ऑनोरियाचं लग्न आहे.”

“मग? मंगळवार गुरुवारच्या आधी येतो. कॅनडातसुद्धा.”

“डॉर्कस, लग्नानंतर तर जास्तच गरज लागणार तिला. नवऱ्याच्या घरी कुणाला माहीत नाही. खुद्द नवरदेवाला, मिस्टर थर्लोंनाही नाही.”

“म्हणजे आपण कधीच जायचं नाही.”

तो मांडीवरच्या दगडावर चामडं ठेवून बडवत बसला. चाळीस वर्षं तो दगड बडवून त्याचे कान अर्धे गेले आहेत, आणि जे ऐकायचं नसतं तेव्हा उरलेले अर्धेही जातात. संध्याकाळी साहेबांनी एक अख्खं हॅम पाठवून दिलं. मी ते उकडलं, खाल्लं, आणि घासाघासाला साहेबांच्या नावाने बोटं मोडली.

लग्नाला आठ दिवस उरले आणि ईनॉकच्या कमरेत उसण भरली. त्याला कूस बदलता येईना. लग्नाचे पांढरे बूट तयार होते, पायात घालून बघायचे राहिले होते. म्हणून ते मी घेऊन गेले. अठरा वर्षांत साहेबांच्या हवेलीच्या वरच्या मजल्यावर मी पहिल्यांदा चढले. मिस ऑनोरियाच्या खोलीत पावलं बुडतील असा गालिचा होता. दाराला आतून कडी, पडदे ओढलेले. ईनॉक दर वेळी इथेच, असंच, तिला चालवून बघायचा.

मी गुडघे टेकून नाड्या बांधल्या. ती उठून चार पावलं चालली. एकदम सरळ.

“छान झालेत, मिसेस टॅरी. ईनॉकना सांगा. आणि सांगा की वर्षभर तरी नवे नकोत. त्यांना जरा विश्रांती मिळू दे.”

“विश्रांती कसली. गुरुवारचं जहाज चुकलं की हवी तेवढी विश्रांती.”

माझ्या जिभेला हाड नाही, हे गावाला माहीत आहे. तिला नव्हतं. तिने विचारलं कुठलं जहाज, आणि मी सगळं सांगून टाकलं. केझाया, दोन बाळं, तिकिटं, हॅमसुद्धा. ती खुर्चीत बसून राहिली.

“मला कुणीच बोललं नाही,” ती म्हणाली. “मला वाटायचं, ईनॉकना हे काम आवडतं म्हणून ते करतात.”

“आवडतं हो. तेच तर दुखणं आहे.”

“मिसेस टॅरी, मला रोज भीती वाटते. मिस्टर थर्लोंसमोर कधी बूट काढायची वेळ येईल, त्या दिवशी काय होईल? मी त्यांना दहादा सांगायला गेले. पण पप्पांनी माझ्याकडूनही शपथ घेतलीय. सात वर्षांची होते मी.” मग ती एकदम माझ्याकडे वळली. “तुमच्याकडून?”

“मला कुणी विचारलंच नाही.”

“मग तुम्ही सांगा त्यांना.”

“आणि त्यांनी लग्न मोडलं तर?”

“आज मोडलेलं परवडलं. उद्या घोड्याच्या रिकिबीचा पट्टा तुटला म्हणून त्यांना तुमच्याकडे पाठवते.”

त्या संध्याकाळी मी ईनॉकला शेक दिला, पेज पाजली, आणि एक अक्षर बोलले नाही. खरं सांगते, मला त्या मुलीपेक्षा माझी मुलगी जास्त दिसत होती. लग्न मोडलं तर साहेब आम्हाला त्यांच्या मालकीच्या या घरातून काढतील, मग ईनॉकला जावंच लागेल, असाही विचार माझ्या मनात येऊन गेला. त्याची मला लाज वाटली, पण आला होता हे खरं.

दुसऱ्या दिवशी मिस्टर थर्लो पट्टा घेऊन आले. शांत, लालसर केसांचा माणूस. ईनॉक आतल्या खोलीत पडून होता. मी पट्ट्याला टाके घालता घालता सांगितलं, मान वर न करता.

“मिस ऑनोरियांचा डावा पाय आखूड आहे. बुटात बूच असतं. तुम्हाला कळावं अशी त्यांची इच्छा आहे. लग्न करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मिसेस टॅरी, मला पहिल्या नाचापासून माहीत आहे.”

सुई माझ्या बोटात गेली.

“लाकडी जमीन होती,” ते म्हणाले. “उजवं पाऊल टक वाजतं, डावं ठप. टक, ठप. माझ्या आईलाही कळलं. सारंगीवाला त्यावर ताल धरून होता. सगळ्या परगण्याला माहीत आहे. तिला वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही, एवढंच.”

“सगळ्यांना?”

“बहुतेक तिच्या वडिलांना सोडून. मी आज तिला सांगतो. तुम्ही फार मोठं काम केलंत.”

ते गेले. मी तशीच बसले होते, बोट तोंडात धरून. अठरा वर्षं गालिच्यावर चालवून बघितलं. गालिच्यावर पाऊल वाजतं का कधी? आणि बघणारा अर्धा बहिरा. मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना, कारण आता आम्ही मोकळे होतो. लपवायला काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी हवेलीतून मिस ऑनोरियाची चिठ्ठी आली: ‘ईनॉक, तुम्ही कॅनडाला जा. मी तुम्हाला शपथेतून मोकळं करते.’

मी ईनॉकच्या उशाशी बसून, कानाजवळ तोंड नेऊन, सगळं सांगितलं. चिठ्ठी दोनदा वाचली. मला वाटलं तो माझ्यावर चिडेल. चिडला नाही. त्याचा चेहरा असा झाला, जसा केझायाचं दुसरं बाळ गेल्याचं पत्र आलं तेव्हा झाला होता.

“वाजतं?” तो म्हणाला.

“वाजू दे. कुणाला फरक पडत नाही. आपण सुटलो, ईनॉक.”

“शपथ काय होती, डॉर्कस? कुणाला कळणार नाही. कळलंय. म्हणजे अठरा वर्षं मी ती मोडतोय.”

“अरे, तिनेच तुला मोकळं केलंय.”

“शपथ तिला नव्हती दिली. साहेबांनाही नव्हती. देवाला दिली होती.” तो छताकडे बघत होता. “आणि त्याला तर ऐकू येत असणार.”

मी रडले, भांडले, देवाचं नाव घेऊन नाही नाही ते बोलले. ट्रंक मात्र भरून ठेवली. वाटलं, उसण उतरली की डोकंही ताळ्यावर येईल.

मंगळवारी तो काठी टेकत उठला. आम्ही चॅपलवाले साहेबांच्या चर्चमध्ये जात नाही, म्हणून दाराबाहेर उभे राहिलो. लग्न लागलं. वरात बाहेर यायला लागली तसा ईनॉक खाली बसला. दुखणाऱ्या कमरेने, कण्हत कण्हत, आणि कानाला कळत नाही ते हाताला कळावं म्हणून त्याने उंबऱ्याच्या दगडावर पालथा पंजा ठेवला. लोक बघत होते. मिस ऑनोरिया नवऱ्याच्या हातात हात घालून आली, त्याच पांढऱ्या बुटांत, पण चेहरा असा मोकळा मी तिचा कधी बघितला नव्हता. मला बघून तिने ओठांनीच विचारलं, “गुरुवारी?” मी होकाराची मान डोलावली. ती ईनॉकच्या पंजाशेजारून गेली. टक, ठप.

ईनॉकला मला हात धरून उठवावं लागलं नाही. स्वतःच उठला.

“आवाजाचा दोष बुचात नाही,” तो म्हणाला. “टाचेच्या आतल्या थरात आहे. मूर्खासारखा तिथे मी पाच थर देतोय. तीन द्यायला हवेत, आणि मध्ये लोकर.”

घरी येऊन त्याने बूट ज्यावर घडवतो ते तिच्या पायाच्या मापाचे लाकडी फर्मे काढले. मी ट्रंकेवर बसले.

“परवा जहाज आहे.”

“तू जा. मी तुला अडवत नाही.”

“आणि वरचं चामडं कोण शिवणार?”

त्याने आपल्या हातांकडे बघितलं. जाड, फुटलेले, तळ ठोकणारे हात. त्याला जवळचं दिसत नाही, दोरा ओवता येत नाही. दुसऱ्या बाईला तो या कामाला हात लावू देणार नाही. “बघतो मी कसं ते,” तो म्हणाला. हे तो रागाने म्हणाला असता तर मी गेले असते. तो खरंच कसं जमेल याचा विचार करत होता, आणि उसणीने वाकडा उभा होता.

मला कुणी शपथ घातली नाही, हे अठरा वर्षं मी मनातल्या मनात मिरवलं होतं. पण एकतीस वर्षांपूर्वी चॅपलमध्ये, सगळ्या गावासमोर, दुखण्यात आणि बरेपणात साथ देईन म्हणून मी बोललेच होते की. तेव्हा तर मला नीट विचारलं होतं आणि मी मोठ्याने हो म्हणाले होते. मला त्याचा इतका राग कधी आला नाही जितका त्या दिवशी आला, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच होता.

आज गुरुवार. जहाज दुपारच्या भरतीला सुटणार होतं, म्हणजे आतापर्यंत सुटलं असेल. ईनॉक शेजारी बसून टाचेचे थर पातळ करतोय. मी दोऱ्याला मेण लावलं, आणि डावं चामडं उजव्यापेक्षा बोटभर खोल शिवायला घेतलं. केझायाला काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.