वाकड्या मानेचा बाण

मी एक जुना बाण आहे. हसू नका, मित्रांनो. धनुष्य मी जन्मात पाहिलेले नाही. मी सिमेंटचा आहे, वीस पावले लांब, माळावर आडवा पडलेला. वरून जाणाऱ्या वैमानिकाला 'बॉम्ब तिकडे टाक' एवढे सांगणे हे माझे काम. त्यात मी कधी चुकलो नाही. चुकले ते दुसरेच.

लढाई पेटली तेव्हा सैन्याने हा माळ घेतला. घेतला म्हणजे काय, तर मेंढपाळांना आठ दिवसांत हुसकून लावले. मग इथे नवे वैमानिक बॉम्ब टाकायला आणि विमानातून बंदूक चालवायला शिकू लागले. एक विमान शेपटीला लांब कापडी पट्टा बांधून पुढे पळे, दुसरे मागून त्याला भोके पाडी. काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या माझ्या पाठीवर गारांसारख्या पडत. बॉम्ब सरावाचे होते, नुसता धूर सोडणारे. पण सरावाचा बॉम्बही माणसाचा हात उडवतो.

दर सोमवारी एक मुलगी बादली आणि कुंचा घेऊन मला पांढरा करायला येई. सारे तिला चुनेवाली म्हणत. "हलू नकोस, नाकात जाईल," असे ती मला दटावी. मला चुना लावणारी ती एकटीच प्रामाणिक होती. बाकीच्यांनी तो गावाला लावला.

पहिले सहा महिने माझे तोंड पूर्वेला होते. मग एका दीडशहाण्याने त्याच बाजूच्या गावाच्या कौलांवर बॉम्ब टाकला. दुसऱ्याच दिवशी घणाने माझी मान फोडली आणि ओढ्याच्या दिशेने नवे तोंड बसवले. नकाशा मात्र कुणी बदलला नाही.

लढाई संपली. शिपायांनी नकाशा पाहून पूर्वेच्या बाजूचे न फुटलेले बॉम्ब वेचून काढले. त्यांच्या साहेबाने जीपमधून न उतरताच 'जमीन निर्धोक' असे लिहून सही ठोकली. माझ्यावर शेवाळ चढले, गुरे बसू लागली. "गवंडी प्यायलेला असणार," असे म्हणून लोक माझ्या मानेला हसत.

पुष्कळ वर्षांनी ओढ्याकाठी शाळेचे मैदान करायचे ठरले. त्यासाठी शाळेच्या बाईंनी सात वर्षे कचेरीचे उंबरे झिजवले होते. या बाई म्हणजे चुनेवालीची नात. मोजणीचे साहेब जमिनीतले लोखंड हुडकणारे यंत्र घेऊन आले, नकाशात निशाणा तिकडे म्हणून पुन्हा पूर्वेलाच फिरले आणि म्हणाले, "सगळं साफ. लावा बुलडोझर."

तेवढ्यात नव्वदीची चुनेवाली काठी टेकत आली आणि बुलडोझरच्या वाटेत, माझ्याच पाठीवर, फतकल मारून बसली.

"आजी, ऊठ ना गं! सात वर्षांनी मैदान मिळतंय, आणि तूच आडवी येतेस?"

"तुझ्या शाळेतल्या पोरांना दोन-दोन हात आहेत ना?"

"म्हणजे काय?"

"तसेच राहू देत."

साहेब हसले. "आजीबाई, नकाशा सरकारी आहे. निशाणा पूर्वेला होता."

"नकाशा तुमचा, चुना माझा!" तिने काठीच्या टोकाने माझ्या मानेवरचे शेवाळ खरवडले. "हा सांधा बघा. दर सोमवारी कुंचा इथंच अडकायचा. मान मागाहून बसवलीय, ओढ्याकडं."

साहेब उकिडवे बसले. त्यांनी सांध्यावरून बोट फिरवले. अलीकडचे सिमेंट करडे, पलीकडचे काळपट. मग ते मी दाखवतो त्या दिशेने यंत्र घेऊन चालू लागले. ओढ्याकाठी यंत्र असे किंचाळले, की बुलडोझरवाला उडी मारून खाली उतरला.

दोन दिवसांत एकोणीस बॉम्ब निघाले, त्यांतले अकरा जिवंत. एक तर गोलच्या खांबासाठी ठोकलेल्या खुंटीखालीच होता. ती खुंटी बाईंनी स्वतः ठोकली होती. त्या आजीकडे वळल्या.

"मग मैदान कुठं करू गं, आजी?"

"पूर्वेला कर की. तिथं दोनदा झाडून झालंय."

आज तिथे तुमच्यासारखी मुले खेळतात. ओढ्याकाठी कुंपण आहे, शोध अजून चालू आहे. मित्रांनो, मला हार नकोत, चुना हवा. पूर्वी मी सांगत असे, 'इथे टाका.' आता सांगतो, 'इथे टाकले होते.' हे सांगणारा नकाशा कुणाकडेही नाही. तेव्हा वर्षातून एकदा बादली घेऊन या. कुंचा मानेपाशी अडकला तर वैतागू नका. तिथेच जरा जास्त लावा.